भाड्यासाठी पहिले घर

निवृत्तीचा दिवस जवळ येऊ लागला, की अनेक कुटुंबांत एक विचार हमखास डोके वर काढतो. भविष्यनिर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हाती यावयाची असते, मुले आपापल्या मार्गास लागलेली असतात, आणि मग रात्रीच्या जेवणाच्या वेळी कोणीतरी म्हणते, "एखादे लहानसे घर घेऊन भाड्याने द्यावे. दरमहा चार पैसे येत राहतील, आणि घरही आपलेच राहील." नागपूरच्या घरात हे जसे बोलले जाते तसेच इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरातही. विचार वाईट आहे असे मुळीच नाही. तथापि, तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीची पुंजी ज्यात एका सहीनिशी गुंतावयाची, त्या व्यवहारात बहुतेक माणसे हिशेब सर्वांत शेवटी करतात. तो सर्वांत आधी करावयाचा असतो.

वाचकहो, आपण स्वतःला राहावयास घर घेतो तेव्हा आपली दृष्टी एक असते. देवघराला जागा आहे काय, सज्जात सकाळचे ऊन येते काय, शेजार आपल्या मनाजोगा आहे काय, हे आपण पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जे घर दुसऱ्याने राहावे म्हणून घ्यावयाचे, ते त्या दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. तो दुसरा कोण? बदलीवर आलेला बँकेतला कर्मचारी, इस्पितळातील परिचारिका, कारखान्यात नुकताच लागलेला तरुण, महाविद्यालयाजवळ खोली शोधणारे विद्यार्थी. यांना संगमरवरी फरशीचे कौतुक नसते. पाणी किती वेळ येते, बसचा थांबा किती पावलांवर आहे, रात्री उशिरा परतताना रस्त्यावर दिवे असतात काय, मुलांची शाळा पायी जाण्याजोगी आहे काय, एवढेच त्यांना पाहावयाचे असते. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीतील प्रशस्त घर स्वस्त मिळाले म्हणून घ्यावे, आणि तेथे बिऱ्हाडकरूच फिरकू नये, असे अनेकांच्या वाट्यास आले आहे.

म्हणून एक साधा उपाय सुचवितो. ज्या वस्तीत घर घेण्याचा विचार आहे, तेथे प्रथम खरेदीदार म्हणून जाऊच नये. भाड्याने जागा शोधणारा म्हणून जावे. कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावे, इमारतीच्या रखवालदाराशी चार शब्द बोलावे, दोन-तीन दलालांकडे चौकशी करावी. खरेदीदाराला सांगितले जाणारे भाडे आणि भाडेकरूकडून खरोखर घेतले जाणारे भाडे यांत पुष्कळ अंतर असते, ते एका दुपारीत कळून येते. किती जागा रिकाम्या आहेत, त्या किती महिने रिकाम्या आहेत, हेही कळते. एकाच इमारतीवर 'भाड्याने देणे आहे' अशा पाच पाट्या दिसल्या, तर त्या पाट्यांचा अर्थ समजून घ्यावा. आणि शक्य असेल तर एकदा भर पावसाळ्यात जावे. भिंतीची ओल, गच्चीची गळती आणि तळमजल्यावर तुंबणारे पाणी या गोष्टी मे महिन्यात कोणी दाखवीत नाही.

आता हिशेबाकडे वळू. समजा, चाळीस लाख रुपयांचे दोन खोल्यांचे घर आहे आणि त्याचे भाडे दरमहा ११,००० रुपये येते. आकडा अगदी कल्पित असला तरी आपल्या शहरांतील प्रमाणाशी जुळणारा आहे. आपल्याकडे राहत्या घराचे वर्षाचे भाडे सामान्यतः किमतीच्या शेकडा दोन ते चार रुपयांच्या आसपासच असते. वर्षाचे भाडे झाले १,३२,००० रुपये. चाळीस लाखांवर हे शेकडा ३.३० पडते. येथपर्यंतचा हिशेब दलालही करून देतो, आणि बहुतेकांचा हिशेब येथेच थांबतो.

प्रथम हे पाहावे, की घर चाळीस लाखांना पडतच नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क राज्याराज्यांत निराळे असले, तरी महाराष्ट्रातील मोठ्या शहरात एवढ्या घराला ते तीन लाखांच्या घरात जाते. दलाली, वकिलाची फी, पंखे, दिवे, नळदुरुस्ती, रंग हे सर्व धरून घर चव्वेचाळीस लाखांना पडले असे म्हणू. नंतर वर्षाचा खर्च मांडावा. जुने बिऱ्हाड जाऊन नवे येईपर्यंत वर्षाकाठी सरासरी एक महिना जागा रिकामी राहील असे धरणे शहाणपणाचे. ते गेले ११,०००. गृहनिर्माण संस्थेची वर्गणी दरमहा २,००० म्हणजे २४,०००. ही वर्गणी भाडेकरूने भरावी असे ठरविता येते. परंतु मग त्या मानाने तो भाडे कमी देतो, तेव्हा ती आपल्या बाजूस धरलेलीच बरी. मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था बिनभोगवटा शुल्क आकारते. महाराष्ट्रात २००१ च्या शासकीय आदेशान्वये ते सेवाशुल्काच्या शेकडा दहांहून अधिक घेता येत नाही. त्यासाठी २,००० ठेवू. मालमत्ता कर ७,०००. रंगसफेदी, गळणारे नळ, बिघडलेला पंप यांसाठी वर्षाला १०,०००. दर दोन वर्षांनी नवा भाडेकरू शोधताना दलाली द्यावी लागते, तिचा वार्षिक वाटा ५,०००. एकूण खर्च झाला ५९,००० आणि हाती उरले ७३,००० रुपये. चव्वेचाळीस लाखांवर हे शेकडा पावणेदोन रुपयेही होत नाहीत. तीच रक्कम बँकेत मुदतठेवीत ठेवली असती तर व्याज याच्या कितीतरी पट आले असते, आणि रात्री-अपरात्री नळ फुटल्याचा दूरध्वनी आला नसता.

यावर उत्तर येते ते ठरलेले असते : "पण घराची किंमत वाढेल ना!" वाढेलही. भाडेही काळानुसार वाढते, हे ठेवीच्या व्याजाला नेहमीच साधत नाही, आणि पडत्या काळात स्वतःचे छप्पर असल्याचा आधार काही निराळाच असतो. परंतु किमतीतील वाढ हे घर विकल्यावाचून हाती न येणारे धन आहे. औषधाचे बिल त्यातून भागत नाही. ज्याला आजच दरमहा उत्पन्न हवे आहे त्याने वाढीच्या आशेवर घर घेणे, आणि ज्याला वीस वर्षे थांबण्याची सवड आहे त्याने घेणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. आपण यांपैकी कोण, हे प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. त्या बैठकीत गृहिणीचे मत शेवटी नव्हे, प्रथम घ्यावे. कारण दरमहाची तोंडमिळवणी कशी होते ते तिलाच नेमके ठाऊक असते.

कर्ज काढून घेणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. वरील घरासाठी पंचवीस लाखांचे कर्ज शेकडा साडेआठ दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो. भाडे ११,०००. म्हणजे घर आपला हप्ता आपण फेडील ही समजूत खरी नाही. घराचा खर्च वजा जाता दरमहा निम्म्याहून अधिक हप्ता आपल्याच पगारातून जावयाचा. हातात नोकरी असलेल्या चाळिशीतील माणसाला हे पेलेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे ओझे उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग आरंभ करावयाचा तो कसा? ज्यांचे स्वतःचे बैठे घर किंवा जागा आहे, त्यांच्यासाठी वरचा मजला चढविणे किंवा मागील बाजूस दोन स्वतंत्र खोल्या काढणे हा मार्ग पुष्कळदा नव्या सदनिकेहून सरस ठरतो. घराच्या किमतीतील मोठा भाग जमिनीचा असतो; येथे जमीन आधीच आपली असते, खर्च केवळ बांधकामाचा. भाडे मात्र शेजारच्या घरांइतकेच येते. शिवाय देखरेख हाताशी. धुळे, अकोला, बेळगाव, ग्वाल्हेर अशा गावांत कितीतरी कुटुंबांनी असेच पहिले बिऱ्हाड ठेवले आहे. मात्र नगरपालिकेची बांधकाम परवानगी घेतल्यावाचून एक वीटही रचू नये, आणि जुना पाया वरचा भार सोसेल की नाही हे गवंड्याला नव्हे, अभियंत्याला विचारावे. जिना बाहेरून, विजेचा मीटर निराळा आणि पाण्याची टाकी पुरेशी मोठी, या तीन गोष्टी साधल्या म्हणजे मालक-बिऱ्हाडकरूंतील निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत.

सदनिकाच घ्यावयाची असेल तर कागद नीट पाहावेत. निदान तीस वर्षांचा मालकीचा इतिहास दुय्यम निबंधकाच्या दप्तरातून वकिलाकरवी शोधून घ्यावा. दक्षिणेकडील राज्यांत जागेवर बोजा आहे की नाही याचा दाखला मिळतो, तो काढावा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत कितीही स्वस्त असली तरी पहिल्यांदाच उतरणाऱ्याने तिच्या वाटेस जाऊ नये. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घेणार असाल, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली त्याची नोंदणी आहे काय हे राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. परंतु ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य आणि हप्ते चालू, हे विसरू नये. दिल्लीकडील वाचकांनी एक विशेष ध्यानात घ्यावे : केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. पत्नीच्या नावे खरेदी केल्यास महाराष्ट्र, दिल्ली अशा काही राज्यांत मुद्रांक शुल्कात सवलत मिळते. मात्र पैसा पतीचा असेल तर भाड्याचे उत्पन्न आयकराच्या दृष्टीने पतीचेच धरले जाते.

आता त्या भीतीविषयी, जी बहुतेकांच्या मनात असते आणि क्वचितच मोकळेपणाने बोलली जाते. "भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही." ही भीती निराधार नव्हती. मुंबई इलाख्यात १९४७ साली जो भाडेनियंत्रण कायदा झाला, त्यान्वये पुष्कळ घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या आणि फाळणीच्या त्या दिवसांत निराश्रितांना आणि गरिबांना त्याचा मोठाच आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु दशके लोटली, सर्व वस्तूंचे भाव बदलले, आणि भाडे तेथेच राहिले. मालकाने डागडुजी सोडली, चाळी खचल्या, पागडीचा चोरटा व्यवहार माजला. पुढे भाडेपट्ट्याऐवजी मालकांनी 'अनुमती व परवाना' या नावाने जागा देण्यास आरंभ केला, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानाधारक राहत होते त्यांनाही कायद्याने भाडेकरूचे संरक्षण मिळाले. गोठविलेली भाडी कालांतराने अन्याय्य झाली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या साऱ्या इतिहासाचा परिणाम असा, की कित्येकांनी घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे पत्करले. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत सुमारे एक कोटी दहा लाख घरे रिकामी आढळली. एकीकडे बंद दारे आणि दुसरीकडे जागेच्या शोधात वणवण करणारी माणसे, असे हे विचित्र दृश्य.

परंतु आजचा कायदा १९७३ चा नाही, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात अनुमती व परवाना करार लेखी करणे आणि त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एवढेच नव्हे, तर कराराच्या अटींविषयी वाद उपस्थित झाल्यास, विरुद्ध पुरावा नसल्यास, राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट, नोंदलेला करार हाती असेल तर मुदत संपल्यावर जागा परत मिळविण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट जाता येते, आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. चार पैसे वाचविण्यासाठी साध्या मुद्रांकावर, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर जागा देणारे लोक आजही भेटतात. त्यांची मला खरोखर चिंता वाटते.

राज्यागणिक रीत आणि कायदा बदलतो, तेव्हा इंदूरच्या वाचकाने पुण्याच्या मेहुण्याचा करार उतरवून घेऊ नये. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. देशभर अकरा महिन्यांचे करार होतात त्याचे मूळ येथे आहे. दिल्लीचा १९५८ चा भाडेनियंत्रण कायदा ३,५०० रुपयांहून अधिक मासिक भाड्याच्या जागांना १९८८ पासून लागू नाही. बंगळूरकडे दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची जुनी रीत; तेथेच 'भोग्य' नावाचा प्रकारही आहे, ज्यात एकरकमी मोठी ठेव देऊन भाडेकरू मासिक भाड्यावाचून राहतो आणि मुदतीअखेर ठेव परत घेतो. पहिल्यांदाच घर देणाऱ्याने या प्रकारापासून दूर राहावे; ठेव खर्चून टाकण्याचा मोह अनावर असतो आणि परतीचा दिवस ठरलेला असतो. केंद्राने २०२१ साली एक आदर्श भाडेकरार कायदा राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि मालकाने घरात पाऊल ठेवण्याआधी चोवीस तासांची सूचना द्यावी, असे म्हटले आहे. तो आपोआप सर्वत्र लागू होत नाही. उत्तर प्रदेश, आसाम यांसारख्या राज्यांनी त्या धर्तीवर स्वतःचे कायदे केले. परंतु आपल्या राज्यात तो असो वा नसो, सूचनेवाचून बिऱ्हाडकरूच्या दारात उभे न राहणे हा साधा सभ्यपणा आहे. घर आपले असले तरी त्यातील संसार त्याचा असतो.

भाडेकरू निवडताना काय पाहावे? नोकरीचा किंवा उत्पन्नाचा पुरावा, ओळखपत्र, शक्य तर आधीच्या घरमालकाशी एक संभाषण. अनेक शहरांत भाडेकरूची माहिती पोलिसांना कळविणे आवश्यक असते, ते चुकवू नये. भाडे उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून फार अधिक असेल तर चांगल्या माणसाचेही हप्ते थकतात. आणि काय पाहू नये? आडनाव ऐकताच जागा 'आत्ताच गेली' म्हणून सांगणे, एकटी राहणारी नोकरदार स्त्री आहे म्हणून नकार देणे, ताटात काय वाढले जाते याची चौकशी करणे, हे आपल्या सुशिक्षित वस्त्यांतूनही सर्रास चालते. परगावी, परराज्यात गेलेल्या मराठी कुटुंबांनी हे नकार स्वतः कधी ना कधी ऐकले असतील. निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले तरी हे तोट्याचे आहे : वेळेवर भाडे देणारी माणसे आपणच दाराबाहेर ठेवतो, आणि जागा आणखी दोन महिने रिकामी राहते.

आयकराचे थोडक्यात सांगतो. वर्षाच्या भाड्यातून आपण भरलेला मालमत्ता कर वजा होतो, आणि उरलेल्या रकमेच्या शेकडा तीस सरसकट वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीस कमी खर्च झाला वा जास्त, ती तेवढीच. कर्जाचे व्याजही वजा होते. मात्र नव्या करप्रणालीत, व्याजामुळे तोटा दिसला तरी तो पगारातून वजा करता येत नाही. भाडे बँकेतूनच घ्यावे. रोखीत घेतलेले भाडे पुढे वाद झाल्यास सिद्ध करणे दोघांनाही अवघड जाते.

शेवटी किल्ली देण्याच्या दिवसाविषयी. त्या दिवशी अर्धा तास काढून दोघांनी मिळून प्रत्येक खोलीत फिरावे. भिंतींची स्थिती, पंखे किती, नळ किती, काचा फुटलेल्या किती, विजेच्या मीटरवरील आकडा काय, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. किरकोळ दुरुस्ती कोणी करावयाची, मोठी कोणी, दरवर्षी भाडे किती वाढावयाचे, जागा सोडताना किती दिवस आधी कळवावयाचे, हे सर्व करारातच असावे. अनामत रक्कम खर्चाच्या खात्यात न मिसळता निराळी ठेवावी, कारण ती आपली नव्हेच. भाडेकरू जागा सोडील त्या दिवशी तोच कागद हाती घेऊन पुन्हा खोल्यांतून फिरावे. झिजलेला रंग ही नित्याच्या वापरातील झीज आहे, तिचे पैसे कापू नयेत. फुटलेले बेसिन मात्र कापावे, आणि पावती दाखवून कापावे. उरलेली अनामत त्याच दिवशी, किल्ली हाती पडताच, बँकेतून परत करावी.